उपासाला चालते, आजीला चालते का?

(बी. ए. द्वितीय वर्ष)

नवरात्र आले की आमच्या घरात एक प्रश्न दिवसातून दहा वेळा ऐकू येतो : "हे उपासाला चालतंय का गं?" कोथिंबीर चालते का? आमच्याकडे चालते, आईच्या माहेरी चालत नाही. जिरे चालते का, हिरवी मिरची चालते का, भेंडी चालते का? या प्रश्नांना शास्त्राधार कुणी विचारत नाही आणि कुणी देतही नाही. जी घरातली सर्वांत म्हातारी बाई, तिचा शब्द प्रमाण. आमच्या घरी हा मान आजीचा.

तीन वर्षांपूर्वी या प्रश्नाला एक जोडीदार मिळाला. आजीला साखर निघाली. मधुमेह हा शब्द आमच्या गावात कुणी वापरत नाही. 'साखर निघाली', 'साखर आहे', 'साखर वाढली' असेच म्हणतात. तेव्हापासून प्रत्येक पदार्थाला दोन परीक्षा द्याव्या लागतात. एक, उपासाला चालते का? आणि दुसरी, आजीला चालते का? गंमत अशी, की जे पहिल्या परीक्षेत पास होते ते बहुधा दुसरीत नापास होते. माझ्या आजच्या लेखाचा विषय एवढाच आहे. विषय स्वयंपाकघरातला आहे, आणि वार्षिक अंकात असल्या विषयावर लिहावे का, असे मला आधी वाटले. पण गेल्या नवरात्रात आमच्या घरात जे घडले त्यानंतर तो मला क्षुल्लक वाटेनासा झाला.

आधी थोडे घराविषयी. भूम तालुक्यात बालाघाटच्या डोंगराकडेला आमचे गाव. विहिरीच्या भरवशावर थोडा ऊस, बाकी कोरडवाहू. ज्वारी, तूर, सोयाबीन. दोन म्हशी. कॉलेजची पायरी चढलेली घरात मी पहिली. त्यामुळे औषधाच्या चिठ्ठीवरचे इंग्रजी वाचणे, कोणती गोळी सकाळची नि कोणती रात्रीची हे सांगणे, बँकेची पावती भरणे, अशी सगळी खाती माझ्याकडे आली आहेत. मी शिकते इतिहास आणि मराठी. पण घरातल्यांच्या दृष्टीने 'शिकलेली' म्हणजे सगळेच शिकलेली. गोळीच्या पाकिटावर काय लिहिले आहे हे मला कळलेच पाहिजे, असे अण्णांना मनापासून वाटते. मला ते सगळे कळत नाही, हे त्यांना सांगण्याचा धीर मला अजून झालेला नाही.

साखर निघाल्यावर पहिला सल्ला आला तो पुण्याहून. माझा आतेभाऊ तिकडे कंपनीत आहे. त्यालाही साखरेची सुरुवात झाली होती. त्याने धान्य पूर्ण सोडले. गहू नाही, तांदूळ नाही, ज्वारी-बाजरीसुद्धा नाही. भाज्या, अंडी, पनीर, दाणे एवढ्यावर तो राहिला, वजन उतरले, रक्तातली साखरही उतरली. हे खरे आहे, आणि ते का झाले हेही समजण्यासारखे आहे. भाकरी, पोळी, भात यांतला पिष्टमय भाग पोटात गेल्यावर त्याची शेवटी साखरच होते. तो भाग कमी केला की रक्तातली साखर कमी चढते. यात थोतांड काही नाही. पण मग दादाने गोडाची सोयही करून ठेवली होती. बदामाच्या पिठाचा केक, परदेशी गोडीची पूड, नारळाचे दूध. दिवाळीत आला तेव्हा त्याने मोबाइलवर केकचे चित्र आजीला दाखवले. "आजी, यात मैदा नाही, साखर नाही, आणि गोड आहे. तूपण खाऊ शकतीस."

आजीने चित्र लांब धरून पाहिले आणि म्हणाली, "दिसाया तर गवरीवानी हाय."

सगळे हसले. पण रात्री भांडी घासताना ती आईला जे म्हणाली ते ऐकून मला हसू आले नाही. "बहात्तरला भाकर नव्हती म्हणून रडलाव. आता भाकर हाय, तर खाऊ नको म्हणतेत."

आमच्या पिढीला 1972 हा आकडा परीक्षेतल्या टिपेपुरता माहीत असतो. आजी तेव्हा पंधरा वर्षांची होती, नुकतीच नांदायला आलेली. 1972-73 च्या दुष्काळात ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात असे. अमेरिकेतून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी मिळायची, तिची भाकरी थापता थापता तुटायची. कामावर सुकडी वाटत, ती पदरात बांधून घरी आणायची. 'धान्याशिवाय जेवण' ही गोष्ट तिच्या डोक्यात नवी नाही. ती तिने करून पाहिली आहे आणि तिच्या लेखी तिला एकच नाव आहे. ज्याच्या घरी कणगी भरलेली आहे त्याने हौसेने धान्य सोडणे वेगळे आणि जिला त्याची उणीव पडली होती तिला ते सोडायला सांगणे वेगळे. दादाच्या सल्ल्यात चूक होती ती आहारशास्त्राची नव्हे, माणूस ओळखण्याची होती, असे मला वाटते. शिवाय बदाम आठशे-हजार रुपये किलो. आमच्याकडे बदाम येतो तो बाळंतिणीच्या डिंकलाडवात, तोही मोजून. त्याचे पीठ करून केक करायचा म्हणजे आईच्या आठवड्याच्या मजुरीला हात घालण्यासारखे आहे.

बरे, धान्य सोडण्याची आपल्याकडे एक जुनी, प्रतिष्ठित रीत आहेच : उपास. आजी नवरात्राचे नऊ दिवस धरते. आमच्या गल्लीत बहुतेक बायका 'उठता-बसता' करतात, म्हणजे घट बसताना एक आणि उठताना एक. आजी मात्र पहिल्या माळेपासून शेवटच्या माळेपर्यंत. लग्न झाल्यापासून एक वर्षही चुकले नाही, असे ती अभिमानाने सांगते. साखर निघाल्यावर आम्हांला, म्हणजे मला, उलट बरेच वाटले होते. धान्य बंद, म्हणजे साखर कमी! दादाचे शास्त्र आणि आजीचा धर्म एका पंक्तीला बसले, अशी माझी समजूत. शिकलेल्या माणसाच्या अर्धवट ज्ञानाने घरात काय होऊ शकते ते मला पाचव्या माळेला कळले.

त्या दिवशी सकाळी आजीने नेहमीची गोळी घेतली. पोटात काय? अर्धा कप चहा. तोही बिनसाखरेचा, कारण मीच तसा नियम केला होता. आई शेतात, अण्णा तालुक्याला. दहाच्या सुमारास आजी घटापुढे माळ बांधता बांधता गप्प झाली. हात थरथरत होते, चोळी घामाने चिंब, आणि ती मला माझ्या नावाने नव्हे, तर आत्याच्या नावाने हाका मारू लागली. मला वाटले, अंगात आले. शेजारच्या काकूंनाही तसेच वाटले आणि त्यांनी हळदकुंकू आणायला सांगितले. आमच्या गावची आशाताई देवाला म्हणून नेमकी त्याच वेळी दारात आली. तिने एकच विचारले, "गोळी घेतलीय का? खाल्लंय काय?" आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता साखरेचा डबा मागितला. तीन चमचे साखर पाण्यात घोळून आजीला पाजली. पंधरा-वीस मिनिटांनी आजीने मला माझ्या नावाने हाक मारली.

ज्या साखरेला मी तीन वर्षे घरातून हाकलत होते, तिनेच त्या दिवशी माझी आजी परत दिली. साखर कमी करणाऱ्या काही गोळ्या अशा असतात, की त्या घेऊन उपाशी राहिले तर रक्तातली साखर धोक्याच्या खाली उतरते. घाम, थरथर, बरळणे ही तिची लक्षणे. गोळी देताना हे कुणीतरी आम्हांला सांगायला हवे होते. ज्या दवाखान्यातून गोळ्या आणत होतो तिथे गर्दी फार. चिठ्ठीवर लिहिले होते, पण इंग्रजीत, आणि ते वाचणारी मी होते. दोष कुणाला द्यायचा?

गोष्ट इथे संपत नाही. दुपारी आई आली, घाबरली, आणि सासूच्या पोटात काही जावे म्हणून तिने साबुदाण्याची खिचडी केली. भरपूर दाण्याचे कूट, बटाटा, वर चमचाभर साखर, कारण खिचडीला ती लागतेच. आजीने ताटभर खाल्ली. संध्याकाळी आशाताईने उपकेंद्रावरचे यंत्र आणून बोटाला सुई टोचली, तर आकडा तीनशेच्या पुढे. सकाळी तळात, संध्याकाळी आभाळात. एकाच दिवशी, एकाच उपासात.

तेव्हा मी साबुदाण्याविषयी वाचायला बसले, आणि आमच्या गृहशास्त्राच्या मॅडमना भंडावून सोडले. साबुदाणा धान्य नाही हे खरे. पण तो आहे काय? टॅपिओका नावाच्या कंदाचा काढलेला जवळजवळ शुद्ध स्टार्च. त्यात प्रथिने नावालाच, तंतू नाहीतच. तमिळनाडूत सेलमच्या बाजूला त्याचे कारखाने आहेत. तिथे कंद किसून, धुऊन, त्याचे सत्त्व गोळ्या करून वाळवतात. म्हणजे आपण ज्वारीची भाकरी 'धान्य' म्हणून बाजूला सारतो, जिच्यात कोंडा आहे, प्रथिने आहेत. आणि तिच्या जागी असला पदार्थ घेतो की जो पोटात गेल्या गेल्या साखर होतो. आणि भगर? ती तर सरळसरळ तृणधान्य आहे, वरी-सावा या जातीचे. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले, त्या यादीत ज्वारी-बाजरीबरोबर हिचे भाऊबंदही होते. उपासात ती धान्य नसते. का, ते तिलाच ठाऊक.

मॅडमनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मला इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून फारच आवडली. आपल्या उपासाच्या ताटातला बटाटा, रताळे, मिरची, शेंगदाणा, साबुदाण्याचा तो कंद, हे सगळे मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज वगैरे लोकांच्या जहाजांतून गेल्या चार-पाचशे वर्षांत आपल्याकडे आले. म्हणजे तेरच्या गोरोबाकाकांनी एकादशी केली असेल, तर ती साबुदाण्याच्या खिचडीवर नक्कीच केली नसणार! पुढे तर असे, की आमच्या जिल्ह्यातच कुंथलगिरीला जैन यात्रेकरू येतात. त्यांना कंदमूळ वर्ज्य. आमचे रताळे उपासाचे पवित्र अन्न आणि त्यांना ते नेहमीचेच निषिद्ध. तेव्हा 'चालते' आणि 'चालत नाही' यांतले पुष्कळसे ज्याच्या-त्याच्या घरचे आहे. ते घर बदलू शकते, एवढाच धडा मी घेतला. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आपल्या पूर्वजांनी काही उगाच केलेली नाही.

आता गोडाकडे वळते, कारण खरे भांडण तिथेच आहे. आजीला गोड फार आवडते. आवडते म्हणजे काय, आयुष्यभर तिने इतरांना वाढून उरलेले खाल्ले. पुरणाची शेवटची पोळी, खिरीच्या पातेल्याला लागलेली साय. आता कुठे तिला पहिल्या पंक्तीला बसवायचे दिवस आले, तर ताटात गोड नाही. गेल्या पाडव्याला सगळ्यांच्या पानात श्रीखंड आणि तिच्या पानात दही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तिने तक्रार केली नाही. दही खाल्ले. पण दुपारी ती फडताळापाशी उभी राहून वाटीतले श्रीखंड बोटाने खाताना मला दिसली, आणि मला पाहून तिने हात पाठीमागे नेला. आजी माझ्यापुढे हात लपवते! त्या क्षणी मला माझीच लाज वाटली.

मी हिशेब मांडायचे ठरवले. आमच्या घरी साखर जाते कुठे? आजी दिवसाला सहा कप चहा घ्यायची. पहाटेचा, न्याहारीचा, शेतावरचा, दुपारचा, आल्यागेल्याबरोबरचा, दिवेलागणीचा. कपाला दोन चमचे. चमच्याला पाच ग्रॅम धरले तर दिवसाला साठ ग्रॅम, महिन्याला पावणेदोन किलोच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले, की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी, आणि जमल्यास पाच टक्क्यांच्या; पाच टक्के म्हणजे साधारण पंचवीस ग्रॅम, धडधाकट माणसाला. आजी नुसत्या चहात त्याच्या दुपटीवर होती. आणि पुरणपोळी? वर्षातून होळी, पोळा आणि घरचा कुळाचार. श्रीखंड पाडव्याला. म्हणजे चोर रोज पुढच्या दाराने, कपबशीत बसून येत होता आणि आम्ही पहारा ठेवला होता तो सणाच्या ताटावर.

माझे मत मी इथे स्पष्ट लिहिते : गोड तोडायचे असेल तर चहातले तोडा, सणातले ठेवा. चहातली साखर कुणाला आठवतसुद्धा नाही. सणातली वाटी म्हातारे माणूस वर्षभर आठवते. मुळात लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा जेवण्याची जी पद्धत गावोगाव सांगितली, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावरून, तिच्यातही दोन जेवणांच्या मध्ये साखर पोटात जाऊ द्यायची नाही यावरच भर आहे. ती पद्धत सर्वांना सोसते की नाही हे डॉक्टरांनी ठरवावे, आणि गोळ्या घेणाऱ्याने तर त्यांना विचारल्याशिवाय काही करूच नये, हे पाचव्या माळेपासून मी शिकले आहे. पण 'येता-जाता चहा' हा आमच्या मराठवाड्याचा रोग आहे, यात शंका नाही. पाहुण्याला चहा नाही विचारला तर अपमान, आणि कमी गोड दिला तर कंजूषपणा.

या गोष्टी आमच्या एका घराच्या नाहीत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मदतीने झालेली देशभरची पाहणी 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे. शहरात प्रमाण जास्त, खेड्यात कमी, पण खेड्यातही शंभरातले जवळजवळ नऊ प्रौढ. 'साखर हा श्रीमंतांचा रोग' म्हणणाऱ्यांनी आमच्या गावच्या उपकेंद्रावरची रांग पाहावी.

दुसरा मोठा गैरसमज गुळाचा. "साखर नको, गूळ चालतो," असे मला निदान वीस जणांनी सांगितले असेल, त्यांत एक शिक्षकही होते. गुळात थोडी खनिजे जास्त असतील. पण तो साखरेचा सख्खा भाऊ आहे, एकाच उसाच्या पोटचा. रक्तात जाऊन तो तेच करतो. तिसरा गैरसमज माझा स्वतःचा होता, खव्याचा. आमचा भाग खव्याचा. कुंथलगिरीचा खवा आणि पेढा मराठवाड्याला माहीत आहे. अलीकडे त्या खव्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. (त्याच कुंथलगिरीवर 1955 मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी अन्नपाणी सोडून सल्लेखना घेतली. डोंगरावर आहाराचा त्याग आणि खाली खव्याच्या भट्ट्या, हे दोन्ही एकाच गावात नांदते, याचे मला नेहमी नवल वाटते.) तर मला वाटे, खव्यात धान्य नाही, साखर नाही, म्हणजे आजीला खवा हवा तेवढा. पण चार-पाच लिटर दूध आटून किलोभर खवा होतो. दुधातली साखर कुठे उडून जाते थोडीच? ती सगळी त्या गोळ्यात येऊन बसते. पेढ्यापेक्षा तो केव्हाही बरा, पण सुपारीएवढा.

मग आजीला चालते तरी काय? हे शोधायला मला पुण्याच्या केकपर्यंत जावे लागले नाही, आजीलाच विचारावे लागले. तिने सांगितले ते आम्ही थोडे थोडे बदलून पाहिले, आणि दर वेळी आशाताईच्या यंत्रापुढे बोट धरले. रताळे : भाजून नव्हे, उकडून, त्याच्या दोन फोडी दुधात कुस्करायच्या, वेलची, जायफळ, साखर शून्य. त्याची स्वतःची गोडी पुरते. दुधी भोपळ्याची खीर : भोपळा तुपावर परतून दुधात शिजवायचा, चारोळ्या घालायच्या, चार माणसांत मिळून दोन चमचे साखर. शेंगदाण्याचा लाडू आमच्याकडे निम्म्यास निम्मा गूळ घालून करतात. आम्ही गूळ चौथ्या हिश्श्यावर आणला आणि तीळ-खोबरे वाढवले. लाडू वळेनात! आईने तुपाचा हात लावून कसेबसे वळले. फुटतात, पण चांगले लागतात. आणि चीक. म्हैस व्याली की पहिल्या दोन-तीन दिवसांच्या चिकाचा खरवस. आमच्या मॅडम म्हणाल्या, चिकात प्रथिने भरपूर आणि दुधातली साखर नेहमीच्या दुधापेक्षा कमी. गूळ बेताचा घातला, तर धान्याशिवायचे इतके सुंदर गोड दुसरे मला माहीत नाही. आणि ते विकत मिळत नाही, शेजारी वाटावे लागते. फसलेलेही सांगते : राजगिऱ्याच्या पिठाचा बिनसाखरेचा शिरा केला होता. तो कुत्र्यानेही हुंगून सोडला.

भाकरीचे काय? भाकरी राहिली. दोनाची एक झाली, सोबत पालेभाजी आणि वरण वाढले. तालुक्याच्या डॉक्टरांनीही हेच सांगितले. धान्य पूर्ण सोडा असे ते कधी म्हणालेच नव्हते. ते आम्ही मोबाइलवरून त्यांच्या तोंडी घातले होते.

एक अडचणीची गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. माझी कॉलेजची फी उसाच्या बिलातून भरली जाते. दसरा झाला की आमच्या आणि शेजारच्या गावांतली कितीतरी कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. माझ्याबरोबर सातवीपर्यंत शिकलेल्या दोन मैत्रिणी आज टोळीत आहेत. जिल्ह्याचे राजकारण कारखान्यांभोवती फिरते. आणि मी लिहिते, साखर कमी खा. अण्णांना हा लेख वाचून दाखवला तेव्हा ते म्हणाले, "सगळ्यांनी तुझं ऐकलं तर पुढच्या साली फी कशी भरायची?" त्यांनी ते हसत म्हटले, पण मला उत्तर आले नाही. अजूनही नाही. कमी पावसाच्या आमच्या मुलखात विहिरीचा तळ खरवडून ऊस काढायचा, आणि त्याच्या साखरेने आजीचे बोट टोचायची वेळ आणायची, हे कोडे अर्थशास्त्राच्या वर्गात कुणी सोडवले तर मी आभारी होईन.

यंदाच्या नवरात्राआधी घरात रीतसर बैठक झाली. मी आजीला म्हणाले, "तू यंदा उठता-बसता कर, आणि तेही गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून." आजी चिडली. "तुळजापूरच्या आईला काय सांगू? नातीनं मोडला म्हणून?" दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. बायकांनीच हे सगळे उपास का धरायचे, अण्णांनी एक तरी माळ का धरू नये, हा माझा प्रश्नही त्या बैठकीत वाया गेला. अण्णा तंबाखू मळत उठून गेले.

तिला पटले ते वेगळ्याच गोष्टीने. घट बसवायला शेतातली काळी माती चाळत होतो. पत्रावळीवर माती, तिच्यात गहू, ज्वारी, हरभरा, जवस, करडई अशी धान्ये पेरायची आणि मधोमध घट. मी सहज म्हणाले, "आजी, नऊ दिवस देवीपुढं धान्यच उगवतं, त्याचीच पूजा, आणि दसऱ्याला तेच डोक्यात खोवायचं. मग देवीला धान्याचा राग कसा असंल?" आजी मातीत बोटे घालून बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "राग कशाला असंल. आपून हाव म्हणून सोडताव." थोड्या वेळाने : "एक भाकर खाईन. पण मिठाबिगर."

ते 'मिठाबिगर' तिचे होते, त्यात मी पडले नाही. मधले सात दिवस तिने दुपारी अर्धी-पाऊण अळणी भाकरी, ताक आणि भाजी घेतली. पहिल्या आणि शेवटच्या माळेला उपास, गोळ्या डॉक्टरांनी सांगितल्या तशा. साबुदाणा घरात आणलाच नाही. त्याबद्दल सगळ्यांत जास्त दुःख माझ्या धाकट्या भावाला झाले, ज्याने उपास कधीच केलेला नाही. पाचव्या माळेला मी कॉलेज बुडवून घरी थांबले. काही झाले नाही. आजी माझ्यावर खेकसली, की एसटीचा पास फुकट घालवतेस.

कोजागरीला अंगणात दूध आटवले. साखर घालण्याआधी एक पेला आजीचा वेगळा काढला, वेलची आणि थोडे केशर घालून. शेजारच्या काकूंनी पाहिले आणि हळहळल्या, "अगोड दूध पिता व्हय, मामी?" आजीने पेला चंद्राला दाखवला, एक घोट घेतला आणि म्हणाली, "आटल्यालं हाय. गोडच लागतंय." मग माझ्याकडे वळून हळूच विचारले, खाली किती खरवड राहिलीय, आणि ती आजीला चालती का?